जागा

रात्रीचे पावणेतीन. कोपरखैरणे, सेक्टर पाच.
मी अंधारात हूक चाचपतो, चपला हातात घेतो
आणि मोरीच्या दाराशी अंथरुणातून विचारणा होते,
"पप्पा, आज कांदा की बटाटा?"
प्रज्योत जागाच.

बाई वहीत लाल शाईने लिहितात,
मुलगा जागेवर बसत नाही.
मला अक्षरं लावून वाचावी लागतात, तरी एवढं कळतं
की दिवसा त्याला जागा नाही
आणि रात्री तो जागा.

वर्गात त्याला भिंगरी म्हणतात.
भिंगरी, फिर. भिंगरी, थांब.
मधल्या सुट्टीत एक बूट पाण्याच्या टाकीमागे जातो.
हा शोधायला निघतो नि वाटेत
मुंग्यांची रांग बघत बसतो,
बूट विसरतो.
मग हसतात. मग हा मारतो. मग लाल शाई.
मारणाऱ्याचं नाव वहीत येतं.
लपवणाऱ्याचं मला अजून माहीत नाही.

खोटं कशाला बोलू,
भिंगरी मीही म्हटलंय. दोनदा.
एकदा दूध सांडलं तेव्हा,
एकदा काहीच सांडलं नव्हतं तेव्हा.

वाशीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेची वेळ ठरवा.
ठरवली. साडेनऊला दिवा बंद.
दिवा झोपतो.
हा टॉवरवरचा लाल ठिपका मोजत राहतो, किती वेळा मिटला,
आणि उद्या पहिल्या तासाला शेजारी कोण बसेल,
कोण उठून जाईल.

पन्नास किलोची गोणी मी रोज मानेवर घेतो.
त्याचं दप्तर उचलून पाहिलं. चार किलो, फार तर पाच.
काट्यावर न येणारं काहीतरी आहे त्यात.

शनिवारी शाळा नव्हती. हिची बोलणी खाऊन
त्याला तुर्भ्याला नेलं.
ट्रक मागे येत होते, माणसं ओरडत होती, बाजू, बाजू,
आणि हा गाळ्यागाळ्यातून सुटलेला.
दत्तू शेलारने गोण्या मोजायला लावल्या.
एकशे बारा. बरोबर.
कुणी थांब म्हणालं नाही,
तिथे सगळेच धावत होते.

चारला शोधला
तर रिकाम्या बारदानावर, पाय पोटाशी,
भर गोंगाटात
झोपलेला.
उरलेला ट्रक आम्ही चौघांनी
त्याला वळसा घालून खाली केला.
दत्तू ओरडायचं विसरला.

सोमवारी पुन्हा एकाच पायात बूट.
मंगळवारी पाळी संपवून तसाच शाळेत गेलो,
केसांत कांद्याची सालं.
बाई म्हणाल्या, बसा ना.
बाकडं लहान होतं.
मी उभ्यानेच विचारलं,
बूट कोण लपवतं?