वाईच थांबा

राजारामपुरीत पाचव्या गल्लीच्या तोंडाला
अल्ताफ बागवानचं दुकान. पाटीवर अजून
‘कॅसेट भरून मिळतील’ पुसट दिसतं.
काउंटरवर दोन खोकी: एक पांढरं, एक काळं.

तांबडा की पांढरा, असं या गावात कुणी विचारत नाही,
दोन्ही वाट्या येतात, संपल्या की पुन्हा येतात.
इथं मात्र एकच.
तेही अठरा हप्त्यांत.

हा माझा चौथा शनिवार.
पहिल्या खेपेला म्हणाले होते, भाच्यासाठी बघायचंय.
आता अल्ताफ भाच्याची चौकशी करतो,
कितवीत गेला, कुठल्या शाळेत,
आणि मला दर वेळी
नसलेल्या पोराला थोडं मोठं करावं लागतं.

पांढऱ्यावर धैर्यशील खेळतो, तिकडं जर्मनीत,
कारखान्यातनं आल्यावर.
पांढरं घेतलं तर आम्ही दोघं एका मैदानात.
लहानपणी गंगावेशीतनं भाड्यानं आणायचो डबा,
दिवसाला तीस रुपये.
दुसरा रिमोट तो मला द्यायचा,
वायर न जोडलेला.
एक अख्खी मे महिन्याची सुट्टी
मी त्यावर जिंकत होते.

काळ्यावर खेळ स्वस्त,
महिन्याचं भाडं भरलं की शंभरेक उघडतात.
आणि तिसरं, जे अजून आलंच नाही.
दिवाळीला म्हणे. किंवा पाडव्याला.
‘वाईच थांबा की ताई,’ अल्ताफ म्हणतो,
‘नवीन आलं की हेच दहा हजारांनी पडतंय.’
दुकानदार असून स्वतःच्याच गल्ल्यावर हात ठेवून बसतो.
‘बघतो,’ मी म्हणते, ‘येतो पुढच्या शनवारी.’

आज आबा बरोबर आलेत, चष्मा घरी विसरून.
उद्यमनगरात एकतीस वर्षं लाकडी पॅटर्न केले त्यांनी,
पंपाचे, पुलीचे, उसाच्या चरकाचे,
फौंड्रीच्या मातीत दाबून काढायचे, ठसा मागं ठेवून.
त्यांनी रिमोट हातात घेतला,
डोळे मिटले
आणि अंगठ्याच्या नखानं कडेकडेनं सांधा शोधला.
‘ड्राफ्ट झकास दिलाय.
साच्यातनं सुटताना कुठं अडत नसणार.’
मग तळवा मिटून, उघडून, पुन्हा मिटून:
‘पण हे पोरासोरांच्या हाताचं माप न्हाई गं.
मोठ्या माणसाचा हात धरून केलंय.’

अल्ताफ माझ्याकडं बघतो.
मी दरपत्रक वाचते, मागून पुढून.
भाचा तिथंच, काउंटरपाशी,
सातवीत असताना, वारला.

आबांना मी विचारलं, थांबावं का?
ते म्हणाले, पुण्याच्या एका कंपनीनं
नवीन ड्रॉइंग येतंय, हात आवरा, असं कळवलं होतं.
सागवानाचा अर्धा पॅटर्न माळ्यावर आहे अजून.
तुझी आई त्यावर लोणच्याची बरणी ठेवायची.
एवढंच. घे म्हणाले नाहीत,
थांब म्हणाले नाहीत.
रिमोट मात्र खाली ठेवला नाही.

‘हा पांढऱ्याचा,’ अल्ताफ हळूच म्हणाला,
‘पुढच्यालाही चालणार, असं ऐकतोय.’
मग तेवढाच घेतला.
खोकं नाही, डबा नाही, नुसता रिमोट.
बिलावर नाव विचारलं तेव्हा
पहिल्यांदा माझं सांगितलं.

स्कूटरवर मागं आबा, पिशवी रिकामी,
रिमोट दोन्ही हातांत.
शाहू स्टेडियमपाशी सगळं तुंबलेलं,
आत मॅच रंगलेली, भिंतीवर पोरं,
झाडावर पोरं, रिक्षाच्या टपावर एक म्हातारा.
माझ्या पाठीला त्यांचे अंगठे जाणवत होते,
एक डावीकडं, एक उजवीकडं, कट्, कट्.
तेवढ्यात आतनं आरोळी उठली,
पेठेच्या पेठ एका घशातनं,
हलगी, फटाका, धूर.

अंगठे थांबले.
‘गोल झाला वाटतं,’ मी म्हटलं.
आबा जरा वेळ गप्प.
मग कानाशी वाकून म्हणाले,
‘मी तर नुसतं हे त्रिकोणाचं दाबलं होतं.’