चार काळे, एक चुना

भोंगा झाला की आई ताटल्या धरायची.
एक वाजता सुरुंग. फळीवरच्या पितळी
एकमेकींना दात दाखवून थांबायच्या,
मग धूळ. वाळत घातलेल्या धानावर,
माझ्या पाटीवर, बाबांच्या भुवयांत.
आम्ही तिला मँगनीज म्हणत नसू.
खदानीचं म्हणायचो. खदानीचं आलं, झाक.

आता मी त्याच दगडाचे मिलिग्रॅम तोलते,
काचेच्या पेटीत, श्वास रोखून.
बाबांनी बत्तीस वर्षं तो टोपलीनं मोजला,
डोक्यावर चुंबळ ठेवून.

दिवाळीनंतर घरी आले. बाबा ओसरीवर.
कप बशीत वाजत होता, एकसारखा,
कुणी कडी हलवत उभं असावं तसा.
भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, वय.
मी काही म्हटलं नाही.
मला ठाऊक आहे तो आत कसा शिरतो:
लोखंडासाठी उघडलेल्या दारातून,
लोखंडासारखं तोंड करून,
आणि मेंदूच्या तळघरात बसकण मारतो.
ठाऊक असणं आणि सिद्ध करणं,
या दोहोंमधल्या जागेत माझी सगळी नोकरी आहे.

“मंग तिथं करतेस का तू, कुंदे?”
“पाणी फोडते.”
“पानी? सुरुंगानं?”
“उन्हानं.”

हसले. हसताना हात जास्त हलतो.
त्यांनी तंबाखू काढली, मी चुन्याची डबी मागून घेतली.
अंगणातले चार काळे खडे उचलले
आणि त्यांच्याच तळव्यावर मांडले,
तीन दाटीनं, चौथा जरा बाजूला,
तिघांच्या कुशीत नखाएवढा चुना.
हे एवढंच, बाबा. धानाच्या पानात, पळसाच्या,
बोडीतल्या शिंगाड्याच्या.
ऊन एकेक करून चार हिसके देतं,
चौथ्याला पाण्यातून प्राणवायू सुटतो.
लहानपणी दुपारी शेवाळावर बुडबुडे दिसायचे,
रूपचंद ढिवर म्हणायचा, मासोळी बोलते.
मी त्यावर प्रबंध लिहिला. मासोळी नव्हती.

तळवा थरथरत होता. खडे जागेवर राहीनात.
चौथा पुन्हा पुन्हा घरंगळायचा,
मी परत ठेवायची.

पुस्तकात आहे, मीही शिकवते:
उत्प्रेरक काम घडवतो, स्वतः झिजत नाही.
परीक्षेत दोन गुण.
माझा काळा थर चाळीस मिनिटांत सुटतो,
भांड्याच्या तळाशी तपकिरी गाळ,
आणि शोधनिबंधात आम्ही लिहितो, स्थैर्य मर्यादित.
पानातलंही मोडतं. भर उन्हात अर्धा तास, फार तर.
पण पान मोडका तुकडा काढतं,
नवा विणतं, धातू पुन्हा बसवतं,
आणि हे सगळं काम चालू असताना.

खदानीनं बाबांना निरोपाला स्टीलचा डबा दिला.
झाकणावर नाव कोरलेलं, शिवराज.
बाबांचं नाव हिवराज.
आई त्यात हळद ठेवते.

“अन् जमलं तर?”
जमलं तर पाण्यातून इंधन, मी म्हटलं,
धूर नाही, महागडी धातू नाही,
आपला हाच दगड पुरेल साऱ्या जगाला.

बाबा बराच वेळ खड्यांकडे बघत राहिले.
“म्हंजे खदान आखीन खोल जाईल.”

याचं उत्तर माझ्याकडे होतं, तीन पानी,
निधीच्या अर्जात लिहिलेलं, आकड्यांसकट.
तोंडात आलं नाही.

भोंगा झाला.
आई आतून उठली नाही, आता फळीवर सगळं प्लास्टिक.
बाबांनी मूठ मिटली, खडे, चुना, तंबाखू, सगळं आत.
मूठ मिटली की हात कमी हलतो.
दुसऱ्या हातानं त्यांनी माझा चहा
बशीनं झाकला.