मानशीपर्यंत

सिस्टर म्हणाली, सव्वा महिना झाला ना, आता चाला.
एकट्या कंटाळाल, जमून चाला.
आणि वजनकाट्यावर पुढचं बाळ घेतलं.

एवढंच. मंडळ वगैरे कुणी काढलं नाही.
मंगळवारी साडेपाचला चोडणच्या फेरीधक्क्यावर
चौघी उभ्या राहिलो,
चेहरे लसीच्या बाकावरून ओळखीचे,
नावं अजून फक्त बाळांची ठाऊक.

कानांना स्कार्फ. ही सासवांची अट.
बाळंतिणीच्या कानात शिरलेला वारा
म्हातारपणी गुडघ्यांतून बोलतो म्हणे.
जोविटाच्या सासूचंही तेच, शमीमच्याही.
देव वेगळे, वारा एकच.

एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला खाजन,
मधल्या बांधावर दोघी शेजारी मावत नाहीत.
एकीमागं एक चालायचं.
पुढचीचं बोलणं मागं पोचेतो बदलतं.
सुलक्षा म्हणाली, "टाके ओढतात."
शेवटच्या शमीमला ऐकू आलं, "काटे ओढतात."
तिनं वाकून माझ्या सलवारीचा काठ तपासला.
हसलो, तर टाके खरेच ओढले.
हसता हसता थोडं कपड्यांत झालं,
ते कुणी मागं कळवलं नाही.
चौथ्या दिवशी समजलं, सगळ्यांचीच तीच गत.

दोन दुधांच्या मधला हा पाऊण तास.
फेरीबोट पलीकडं जाऊन परत येई
तोवर आम्ही जेमतेम तिसऱ्या माडाशी.
वाटेत कुणाच्या घरात कुणाचं तान्हं रडलं
की चौघींच्या छातीवर ओले गोल.
छातीला आपलं-परकं कळत नाही.
ओढणी सारखी करायची, चालत राहायचं.

बांध संपतो तिथं मानस.
तिची लाकडी दारं भरती दाबते तेव्हा मिटतात,
ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतात.
बोस्त्यांव जाळं झटकत सांगायचा,
"बाहेरून ओढलंत तर फळी हातात येईल."
आम्ही फक्त टेकून दम घ्यायचो आणि वळायचो.

दुसऱ्या आठवड्यात जोविटा आली नाही.
फोन नवऱ्यानं उचलला. "झोपलीय."
गुरुवारी झोपलेली. शनिवारीही.
दोन महिन्यांच्या बाळाची आई इतकं झोपत नाही.

मग बांध सोडला.
तिच्या कुंपणाबाहेरून चालू लागलो,
खुरसापासून पिंपळापर्यंत, पिंपळापासून खुरसापर्यंत,
रोज सात फेऱ्या.
"कसलं व्रत गो हे?" शेजारीण.
"वजनाचं," शमीम म्हणाली.
हाक मारली नाही. हाकेला ओ द्यावी लागते.
नुसत्या चपला वाजवत, नेहमीचंच, जरा मोठ्यानं:
सुलक्षाच्या मुलाला पाच दिवस शी नाही,
माझे केस मुठीमुठीनं गळतात,
शमीम नळ मोठा सोडून न्हाणीत रडते.
हे तिसरं आम्हीही पहिल्यांदाच ऐकलं.
पावलं थांबली.
मग सुलक्षानं तिचा हात धरला,
रस्ता रुंद होता, दोघी मावत होत्या.

नवव्या दिवशी पडदा हलला. वाराही असेल.
अकराव्या दिवशी पोदेराची सायकल पोंपों करत गेली
आणि तिच्या मागं फाटक उघडंच.
जोविटा. उलटा गाऊन,
पायांत नवऱ्याच्या दोन नंबर मोठ्या चपला.
आमच्याकडं बघत राहिली, मग म्हणाली,
"कितल्या सवकाश चलतात गो तुमी."

तिला पुढं घेतलं.
मानशीपर्यंत नाही, त्या दिवशी खुरसापर्यंतच.
तेवढ्यात आत तिचं बाळ रडलं
आणि चौघीही भिजलो.
तिच्याकडं ओढणी नव्हती.
शमीमनं कानाचा स्कार्फ सोडला,
तिच्या खांद्यावरून पुढं घेतला, गाठ मारली,
आणि उघड्या कानांनी
वाऱ्यात उभी राहिली.