मोकळी जागा

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची गावं आखली.
तिरक्या टेबलावर, ट्रेसिंग कागदाच्या दुधी उजेडात
रस्ते राखाडी, शाळा गुलाबी, बाजार जांभळट,
आणि जिथं काय घालावं ते साहेबांना सुचलं नाही
तिथं हिरवी पेन्सिल.
मोकळी जागा.
हिरवी सगळ्यात आधी संपायची.

आता उलव्यात, आमच्या नव्या घराच्या मागं,
स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारापासून भिंतीपर्यंत
तेवीस फूट. रुंदीला साडेचौदा.
डावा कोपरा सव्वा इंच कमी भरतो.
तीनदा मोजलाय.
मिस्त्री म्हणतो, बाई, तुमचा टेप जुना.

श्रीरंगला पेव्हर ब्लॉक हवेत. गाडी धुवायला बरं.
लेकीनं बंगळूरहून फोटो पाठवले:
पांढरे खडे, बांबू, मधोमध दगडी बुद्ध.
त्याच्यावरची धूळ कोण पुसणार, एवढंच मी विचारलं.
मला कढीलिंब हवा, दारालगत,
फोडणी तडतडत असताना हात पोचेल असा.
कपड्यांची तार पश्चिमेच्या उन्हात.
भिंतीशी बिंबल.
प्राजक्त नको, तो सगळेच लावतात.
आणि हापूस. असू दे, एक तरी हौस.

वर्तुळांची पट्टी अजून आहे माझ्याकडे.
मोठं भोक म्हणजे वड, मधलं आंबा,
बारकं म्हणजे शोभेचं काहीतरी.
एकास पन्नास प्रमाणात सगळं छान बसलं.
कागदावर कुठलंच झाड पानं गाळत नाही.

रविवारी फक्कीनं रेघा मारल्या.
आंब्याचा खड्डा, तीन बाय तीन बाय तीन.
नागेशनं पहार घातली.
वर वीतभर तांबडी माती, नर्सरीची,
ट्रकभर, साडेचार हजारांची.
खाली भराव. कुणाच्या तरी मोरीतल्या
निळ्या फुलांच्या फरशा, गोणीची चिंधी,
डाव्या पायाची एक लहान चप्पल.
मग पहारीचा आवाजच बदलला.
काळं, मऊ, लोण्यासारखं काही.
कालवाची शिंपली. खाजणाचा वास
थेट ओट्यापर्यंत.
आणि पाणी वर यायला लागलं.
नळ बंद होता. वैशाखातलं ऊन.

भिंतीपलीकडून गोमीबाय घरत,
मासळीचे हात पदराला पुसत:
"भरती लागली गो. खाडी आली तुज्या दारान."
"जाईल कधी?"
"जाईल तिची ती. सांजला."
मग बोट दाखवत, आमच्या डाव्या कोपऱ्याकडं:
"तो बांध व्हता आमचा. असाच तिरका.
आंबा नाय जगाचा. माड लाव. तो पितो खारा."

मी काही बोलले नाही.
या सेक्टरचा कागद माझ्याच टेबलावर होता.
जुन्या मोजणीवरच्या बांधांच्या शाईच्या रेघा
ब्लेडनं खरवडून काढायच्या असत,
ट्रेसिंगला भोक पडणार नाही इतक्या अलगद.
ऑफिसात सगळे म्हणत, हात चांगला आहे बाईंचा.
खरवडलेली शाई फुंकरीनं उडायची.
चहात पडू नये म्हणून
मी कपावर बशी ठेवत असे.

संध्याकाळी पाणी उतरलं.
खड्ड्याच्या अंगाला ओल राहिली, नऊ इंचांची.
कडेला बारीक पांढरं, जिभेला लावलं तर मीठ.
नागेश विचारत होता, बुजवू का?
म्हटलं, नको. बांबूची एक काठी आण.

काठी रोवली. तिच्यावर पेन्सिलनं खुणा केल्या.
नकाशात त्या जागी अजून वर्तुळ नाही,
फक्त तारीख, वेळ,
आणि पाणी कुठवर आलं होतं ती रेघ.
हिरवी हातात घेतली होती.
परत डब्यात ठेवली.

रात्री श्रीरंग विचारतो,
ब्लॉकवाल्याला काय सांगू?
म्हटलं, अमावास्या होऊ दे.