विरळणी

सहमच्या मळ्यात, खारट होत चाललेल्या विहिरीच्या कडेला
मी तिळाची बोंडं मोजतो.
झाड सतरावं: फांद्या तीन, बोंडं एकेचाळीस.
झाड अठरावं: सरळसोट, माझ्या खांद्याला लागणारं,
फांदी नाही, बोंडं जेमतेम वीस.
उंचीवर जाऊ नये, हे लिहायला
वहीत रकाना नाही.

खल्फान म्हणतो, आजोबा वाळूत कालवून फेकायचे बी,
एवढं बारीक, मुठीला कळत नाही किती गेलं.
म्हणून तिसऱ्या आठवड्यात बोटभर रोपं उपटायची.
मोतालेबला ते जमत नाही.
धडधाकट रोप हातात धरून विचारतो,
"याने काय केलं?"
काही नाही. शेजारी फार जवळ होता.
यावलला आम्ही पाच भाऊ, दीड एकर.
ते मी त्याला सांगितलं नाही.

पाणी बेतानं. मुळाशी साचलं की तीळ मान टाकतो.
शेंड्याला अजून फूल असतं,
खालची बोंडं पिवळी पडतात,
तेव्हाच विळा घालायचा.
आठवडाभर थांबलो तर रान तिळाचं, आपण रिकामे:
या जातीच्या
तोंडात तीळ भिजत नाही.

आज ताडपत्रीवर पेंढी उलटी धरली खल्फाननं.
सरसर. मग बराच वेळ एकेक.

उपटलेल्यांतली आठ रोपं मोतालेबनं चोरून लावली होती.
सात टाकीच्या गळतीखाली मेली.
आठवं पंपाच्या खोलीमागे, कोरड्यात, एकटं.
बोंडं बासष्ट.
दोनदा मोजली.