बारा कुठे असतात

घर आधी, भाडेकरू मागून, ही जगाची रीत.
आमच्या कारखान्यात उलटं.
भाडेकरू आधी येतो:
चोवीस मिलिमीटर रुंद, चार उंच, अंगावर सतरा माणकं.
खानिफ अब्यी त्याला माझ्या टेबलावर ठेवतात, म्हणतात,
"मिन्सिलू, ह्याला घर काढ."

अकरा वर्षं मी ह्या एकाच बिऱ्हाडाला घरं काढते आहे.
कामा नदी अकरा वेळा गोठली, अकरा वेळा तडकली,
हा तसाच.
पातळ कवच काढलं, तर काच काट्यांना घासली.
चौकोनी काढलं, तर चौकोनात गोल बसला खरा,
पण चार कोपरे उपाशी राहिले.
त्यांत काय भरायचं ह्यावर बैठकीत पाऊण तास गेला.
शेवटी पितळेची कडी भरली.

जाडी लपवायला काय काय केलं!
कडेला उतार दिला,
पाठ बशीसारखी फुगवली,
सगळी जाडी ढकलली मनगटाकडे, जिथं कोणी बघत नाही.
लोक म्हणाले, किती सडपातळ.
मनगटाला विचारा.

मग खलाशांसाठी मोठं काढलं,
धुक्यातही दिसावं असं.
सेकंदाची छोटी वाटी तबकडीच्या मध्याला चिकटून बसली,
रुंद चेहऱ्यावर ओठ नाकाला लागावेत तशी.
"थोडी खाली सरकवता येईल?"
अब्यींनी भिंग डोळ्यावरून कपाळावर घेतलं.
"तिथं वाटी नाही गं. तिथं चौथं चाक आहे.
काटा नुसता त्याच्या खांद्यावर उभा."
आणि पुन्हा भिंग खाली.

धक्क्यावर क्रेन चालवते झैतूना.
तिच्या डाव्या हाताला घट्टा पडला होता,
बरोबर तीनच्या समोर.
लीव्हर ओढला की पंजा मागे वळतो
आणि चावी रुतते. दिवसातून किती वेळा?
तिनं मोजलं नव्हतं. घड्याळ होतं, पण त्यासाठी नव्हतं.

त्या रात्री दुधाचा चहा साय धरून गार झाला.
मी उघडं यंत्र कागदावर ठेवलं होतं,
काही सुचत नव्हतं म्हणून बोटानं जरा डावीकडे फिरवलं.
चावी दोनवर आली.
वाटी पाचवर.
तोलचक्र हलतच होतं,
त्याला पत्ताही लागला नाही.

तेव्हा कळलं, ह्याला बारा माहीतच नाहीत.
वर माहीत नाही, खाली माहीत नाही.
घेर त्याचा, जाडी त्याची, चौथं चाक त्याचं,
चावी आणि वाटी ह्यांच्यातलं अंतरही त्याचंच.
पण बारा?
बारा आम्ही छापतो. शाईनं. वरून.

तबकडीचे पाय मात्र त्याच दोन भोकांत जायचे.
पाय तिथंच ठेवले आणि चेहरा वळवला,
झोपेत माणूस वळवतो तसा.
अब्यींनी नमुना कानाला लावला,
मग डोळ्याला, मग परत कानाला.
"चालतंय," म्हणाले. ह्याहून जास्त ते कशाचीच स्तुती करत नाहीत.

संचालकांना वाटलं, ह्या घड्याळाचे बारा वाजले.
मी म्हटलं, छापलेत तिथंच वाजतील.
तीनशे निघाली.
कझानच्या दुकानानं दोनशे बारा परत धाडली,
शेरा: सेकंदाची वाटी घसरली आहे, चावी चुकून वर बसवली आहे.
पुढच्या वर्षी पुन्हा सगळं गोल, पुन्हा तीनवर चावी,
आणि माझ्या टेबलावर तोच भाडेकरू.

झैतूनाचा घट्टा अजून आहे.
थोडा मऊ पडलाय, असं ती म्हणते. मला तर तसाच दिसतो.

अब्यी मार्चमध्ये निवृत्त झाले.
भाषणं झाली, चकचक वाटली,
कारखान्यानं त्यांना नवं घड्याळ दिलं, नीटनेटकं, सरळ.
त्यांनी तिथंच मनगटावर बांधलं, किल्ली द्यायला गेले,
आणि टाळ्या चालू असताना
त्यांचा अंगठा बराच वेळ दोनपाशी
काहीतरी चाचपत राहिला.