करंगळी

डिसेंबरात अंबाझरीचं पाणी
आधी श्वास मागतं.
लगेच द्यायचा नाही.
आधी घोटे, मग गुडघे,
मग मानेवर ओंजळभर,
नव्या घरात शिरताना
दाराशी थोडं थांबावं तसं.

काठावर ढोमणेबाई.
गळ्यात शिट्टी, मांडीवर थर्मास,
घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.
"उडी गिडी नाई मारायची बाप्पा.
सूर मारनाऱ्यायनं मे महिन्यात यावं."

मे महिन्यातही येतोच आम्ही, पहाटे पाचला,
रात्रीचा उकाडा पाण्यात विरघळलेला असताना.
सांडवा वाहू लागला की मात्र
नुसतं काठावर बसून दाणे खातो.

आज हवा आठ अंश.
नारिंगी फुगा कमरेला बांधून निघते.
थोड्या वेळाने अंगात
कुठूनतरी दिवा लागतो.
वाटतं, त्या पलीकडच्या बाभळीपर्यंत जावं,
साठीच्या बाईला कोण अडवणार?

शिट्टी.
"करंगळी दाखव वो!"
हात वर करते.
करंगळी अंगठ्याकडे निघते
आणि वाटेतच थांबते,
दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

वळते.

ओलं आधी उतरवायचं. टोपी. स्वेटर.
गरम पाणी अंगावर नाही, पोटात,
घोट घोट.
खरी थंडी आता येते,
दात वाजवत, मागून, चुकलेल्या पाहुण्यासारखी.
ढोमणेबाई न विचारता
माझी बटणं लावते.

"किती झाले?"
"अठरा मिनिटं."
"मले तं पाचच वाटले."
"म्हनूनच घड्याळ माह्याजवळ असते."

पेल्याभोवती चार बोटं.
करंगळी अजून यायची आहे.